केडीई प्रकल्पातील बिल्ड टूलची निवड (2005-2006) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः यंत्रांकडे आणि त्यांच्या शोधकर्त्यांकडे जाते. यंत्र ज्या साधनांनी घडते ती साधने कोणी निवडली, कोणत्या परिस्थितीत निवडली आणि त्यामुळे कोणाची सोय वा गैरसोय झाली, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. साधन आणि श्रमाची संघटना यांचा संबंध किती घट्ट असतो हे बीड जिल्ह्यातील वाचकाला निराळे सांगावे लागत नाही. येथून दरवर्षी ऊसतोडणीसाठी बाहेर पडणाऱ्या मजुरांच्या हिशेबात 'कोयता' हे केवळ हत्याराचे नाव नसते. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि मुकादमाकडून मिळणारी उचल त्याच मापाने ठरते. हत्यार हेच जेथे माणसांचे एकक झाले आहे, तेथे हत्यार बदलण्याचा अर्थ माणसांची रचना बदलणे असा होतो. संगणकाच्या क्षेत्रातही हा संबंध दिसतो. त्याचे एक चांगले नोंदलेले उदाहरण प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतले आहे.

संगणकाचा कोणताही मोठा प्रोग्राम हजारो फाइलींमध्ये लिहिलेला असतो. माणसाला वाचता येणाऱ्या या मजकुरास स्रोत म्हणतात. कंपायलर त्याचे यंत्राला समजेल अशा रूपात भाषांतर करतो. नंतर ते तुकडे जोडले जातात आणि तयार प्रोग्राम योग्य जागी बसवला जातो. कोणती फाइल आधी, कोणती नंतर, कोणती बदलली म्हणून पुन्हा भाषांतरित करावी लागेल, आणि कोणती जशीच्या तशी चालेल, हा सर्व हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर म्हणजे बिल्ड टूल होय. खाजगी कंपनीत ते वरिष्ठांच्या आदेशाने ठरते. मुक्त स्रोत प्रकल्पात मात्र काम करणारे बहुतांश स्वयंसेवक असतात, ते वेगवेगळ्या देशांत राहतात, आणि त्यांना आदेश देणारा कोणी नसतो. स्रोत सर्वांना खुला आहे असे म्हणणे सोपे आहे. पण ज्याला तो आपल्या संगणकावर बांधताच येत नाही, त्याच्यासाठी हा खुलेपणा कागदावरच राहतो. म्हणूनच बिल्ड टूलची निवड ही प्रकल्पात कोणाला शिरता येईल याचीही निवड असते.

केडीई हा लिनक्ससाठी संपूर्ण डेस्कटॉप तयार करणारा प्रकल्प. मथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने ऑक्टोबर 1996 मध्ये त्याची घोषणा केली. 2005 आणि 2006 या दोन वर्षांत या प्रकल्पाने आपले जुने बिल्ड टूल टाकले, एक नवे निवडले, तेही सोडले आणि तिसरे स्वीकारले. या घटनाक्रमात साधनाच्या तांत्रिक सरसतेपेक्षा दोन गोष्टी अधिक निर्णायक ठरल्याचे दिसते : साधनाचे निर्माते प्रकल्पाच्या अडचणी आपल्या मानण्यास तयार होते काय, आणि स्थलांतराचे कंटाळवाणे काम अंगावर घेणारा माणूस होता काय.

मेक आणि ऑटोटूल्स

या परंपरेचा आरंभ 1976 मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये झाला. स्टुअर्ट फेल्डमन यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी सकाळी चिडून त्यांच्याकडे आले. प्रोग्राममधील चूक त्यांनी दुरुस्त केली होती. पण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा भाषांतरित करायची राहून गेली होती, आणि बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये ते चूक शोधत बसले होते. फेल्डमन यांनी या त्रासावर 'मेक' हे साधन लिहिले. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे 'मेकफाइल'मध्ये लिहायचे. मेक फाइलींच्या वेळा ताडून पाहते आणि जेवढे आवश्यक तेवढेच काम पुन्हा करते. या कामासाठी फेल्डमन यांना 2003 मध्ये असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार मिळाला.

मेकफाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, रिकाम्या जागांनी चालत नाही. हा नियम अडचणीचा आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आले होते. परंतु तोपर्यंत सुमारे डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची घडी मोडू नये म्हणून त्यांनी नियम बदलला नाही. त्या डझनभरांची सोय पुढे लक्षावधींची गैरसोय झाली. साधनांच्या इतिहासात अशा अगदी आरंभीच्या, जवळजवळ सौजन्याने घेतलेल्या निर्णयांचे वजन किती टिकते याचा हा नमुना आहे.

1980 च्या दशकात युनिक्सचे अनेक प्रकार बाजारात आले : सन, एचपी, आयबीएम, सिलिकॉन ग्राफिक्स, प्रत्येकाचा वेगळा. एकच प्रोग्राम या सर्वांवर चालवायचा तर प्रत्येक संगणकावर काय आहे आणि काय नाही हे आधी तपासणे भाग होते. डेव्हिड मॅकेन्झी यांनी 1991 मध्ये ऑटोकॉन्फ सुरू केले. त्यानंतर ऑटोमेक आणि लिबटूल आले. या तिघांना मिळून ऑटोटूल्स म्हणतात. प्रोग्राम घेणाऱ्याच्या संगणकावर केवळ शेल आणि मेक असले तरी काम व्हावे, ही त्यामागील दृष्टी उदार होती. त्याची किंमत प्रोग्राम लिहिणाऱ्याने मोजली : एम-4 ही मॅक्रो भाषा, शेल, मेक आणि पुष्कळदा पर्ल अशा चार-पाच भाषांचा थर त्याच्या वाट्यास आला. केडीईचा जन्म झाला तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ऑटोटूल्सची निवड करावी लागत नसे. ती गृहीतच असे.

केडीईची अडचण

केडीई क्यूट या लायब्ररीवर उभे आहे आणि क्यूटच्या स्रोतावर कंपायलरच्या आधी 'मॉक' नावाच्या एका प्रोग्रामची प्रक्रिया करावी लागते. ऑटोमेकला ही पायरी ठाऊक नव्हती. म्हणून केडीईने ऑटोमेकने तयार केलेल्या फाइलींमध्ये मागाहून दुरुस्ती करणारी पर्ल स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक विभागासोबत 'अॅडमिन' नावाची एक निर्देशिका फिरू लागली आणि तिच्यात अशा उपायांचा साठा होत गेला. ती निर्देशिका पूर्णपणे समजणारी माणसे फार थोडी होती. नवा कार्यकर्ता जुन्या विभागातील फाइल उतरवून घेई आणि नावे बदलून काम भागवी. का चालते हे त्याला कळत नसे, आणि बंद पडले की त्याच त्या थोड्या माणसांकडे जावे लागे.

न्यूरेम्बर्गच्या सुझे कंपनीत काम करणारे आणि केडीईच्या आवृत्त्यांचे संयोजन पाहणारे श्टेफान कुलो यांनी ऑटोमेकच्या जागी 'उन्झरमेक' हे पायथॉनमधील साधन लिहिले. जर्मन भाषेत 'उन्झर' म्हणजे 'आपले'. ऑटोमेकपेक्षा ते वेगवान होते, परंतु ऑटोकॉन्फ आणि लिबटूल जागच्या जागीच राहिले. घर तेच, एक खांब तेवढा नवा.

त्यानंतर दोन गोष्टी एकत्र आल्या. मे 2005 मध्ये केडीईने आपला संपूर्ण स्रोत सीव्हीएस या जुन्या नोंदप्रणालीतून सबव्हर्जनमध्ये हलवला; एवढे मोठे स्थलांतर झेपते हा अनुभव प्रकल्पाच्या गाठीशी आला. जून 2005 मध्ये क्यूटची चौथी पिढी प्रकाशित झाली आणि तिची विंडोज आवृत्तीही प्रथमच जीपीएल परवान्याखाली खुली झाली. आता केडीई विंडोजवर आणि मॅकवर नेणे परवान्याच्या दृष्टीने शक्य होते. ऑटोटूल्सना मात्र विंडोजवर युनिक्सचे संपूर्ण वातावरण आणून द्यावे लागते. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर वापरणाऱ्याला ती वाट बंदच होती. अशा रीतीने घरातील जुनी तक्रार आणि बाहेरची नवी संधी यांची गाठ पडली. नुसत्या तक्रारीने बदल झाला असता असे वाटत नाही. ती कित्येक वर्षांची होती.

मालागा आणि एसकॉन्स

केडीईचा वार्षिक मेळावा 'अकॅडमी' 2005 मध्ये ऑगस्टच्या अखेरीस स्पेनमधील मालागा येथे भरला. केडीईच्या चौथ्या पिढीसाठी ऑटोटूल्स सोडावेत आणि एसकॉन्सकडे जावे, असा कल तेथे ठरला. स्टीव्हन नाइट यांचे एसकॉन्स हे सॉफ्टवेअर कार्पेंट्री या स्पर्धेत 2000 मध्ये निवडल्या गेलेल्या आराखड्यातून वाढले होते. त्यातील सूचना पायथॉनमध्येच लिहायच्या असतात, त्यामुळे निराळी भाषा शिकावी लागत नाही. फाइल बदलली किंवा नाही हे ते वेळेवरून न ठरवता मजकुराच्या गणिती ठशावरून ठरवू शकते. कागदावर पाहता ही निवड उत्तम होती. शिवाय थॉमस नागी यांनी केडीईच्या गरजांसाठी एसकॉन्सवर 'बीकेसिस' हा थर आधीच रचला होता.

पुढील महिन्यांत अडचणी उघड झाल्या. एसकॉन्स मेकफाइल तयार करत नाही. बांधणीचे काम ते स्वतःच करते. त्यासाठी संपूर्ण प्रकल्पाचे अवलंबन-चित्र दर वेळी उभे करावे लागते आणि केडीईच्या आकारमानात हे मंद ठरले. संगणकावर काय उपलब्ध आहे हे तपासण्याची त्यातील सोय ऑटोकॉन्फइतकी मुरलेली नव्हती. लिनक्सखेरीज इतर प्रणालींवर, विशेषतः मॅकवर, बरेच काम शिल्लक होते. या उणिवा भरून काढता आल्या असत्या. कोणतेही साधन मोठ्या प्रकल्पाला पहिल्या दिवशी पुरत नाही. परंतु केडीईला हवे असलेले बदल एसकॉन्सच्या मूळ प्रकल्पात लवकर सामावले जातील अशी चिन्हे दिसेनात. बीकेसिस हा वरचा थर जाड होत गेला, मूळ साधनाशी त्याचे नाते सुटत गेले आणि अखेरीस नागी यांनी 'वाफ' या नावाने स्वतंत्र साधन उभे केले. म्हणजे ऑटोटूल्सच्या काळात जे घडले होते तेच पुन्हा घडू पाहत होते : बाहेरच्या साधनावर केडीईने स्वतः रचलेली आणि मोजक्या माणसांनाच समजणारी माडी.

वाफ वाया गेले असे मात्र नाही. सांबा या दुसऱ्या मोठ्या मुक्त प्रकल्पाने ते 2010 मध्ये स्वीकारले. गोडो हे खेळ तयार करण्याचे प्रसिद्ध इंजिन एसकॉन्सवरच वाढले. एका प्रकल्पाने नाकारलेले साधन वाईट असते असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

सीमेकचा स्वीकार

सीमेकचा उगम डेस्कटॉपच्या जगापासून फार दूर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या 'व्हिजिबल ह्यूमन' प्रकल्पाला जोडून 1999 मध्ये वैद्यकीय प्रतिमांसाठी इनसाइट टूलकिट ही लायब्ररी लिहिण्याचे काम हाती घेतले गेले. तिच्यावर काम करणाऱ्या संस्थांपैकी कोणी युनिक्स वापरीत, कोणी विंडोज. न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन पार्क येथील किटवेअर कंपनीने त्यासाठी सीमेक लिहिले. ते स्वतः बांधणी करत नाही. युनिक्सवर मेकफाइल, विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओच्या आणि मॅकवर एक्सकोडच्या फाइली तयार करून देते. त्यामुळे ज्याला जे हत्यार सवयीचे आहे ते त्याच्या हातात राहते. सीमेक बांधायला सी-प्लस-प्लसचा कंपायलर पुरतो. केडीई बांधणाऱ्याकडे तो असणारच.

त्याची स्वतःची भाषा मात्र ओबडधोबड होती. पायथॉनसारख्या रेखीव भाषेच्या तुलनेत ती कोणाला आवडली असेल असे वाटत नाही, आणि तिच्यावरील टीका पुढेही थांबली नाही.

2006 च्या आरंभी अलेक्झांडर नॉयनडॉर्फ यांनी सीमेकचा पर्याय पुढे आणला. त्याच सुमारास किटवेअरचे बिल हॉफमन केडीईच्या चर्चेत स्वतः सहभागी झाले, अडचणी विचारू लागले आणि आवश्यक ते बदल सीमेकमध्येच करण्याची तयारी त्यांनी दाखवली. नॉयनडॉर्फ यांनी रुबी भाषेत एक स्क्रिप्ट लिहिली. ती जुन्या ऑटोमेक फाइली वाचून त्यांचे सीमेकमध्ये रूपांतर करी. रूपांतर पूर्ण निर्दोष नसे, पण हाताने करायचे काम तिने पुष्कळच कमी केले. काही महिन्यांतच केडीईच्या मूळ लायब्रऱ्या सीमेकने बांधल्या जाऊ लागल्या आणि ऑटोटूल्सच्या फाइली काढून टाकण्यात आल्या. बांधलेला प्रोग्राम कायम जागी बसवण्यापूर्वीच जागच्या जागी चालवून पाहता यावा, यासाठी लागणारी लायब्ररींच्या वाटांची व्यवस्था केडीईच्या गरजेतून सीमेकमध्ये आली. नॉयनडॉर्फ स्वतः सीमेकच्या कामात सामील झाले. केडीईची चौथी पिढी 11 जानेवारी 2008 रोजी प्रकाशित झाली ती सीमेकने बांधूनच.

या हकिगतीचा एक प्रमुख आधार म्हणजे नॉयनडॉर्फ यांनीच जून 2006 मध्ये लिनक्स वीकली न्यूज या नियतकालिकात लिहिलेला लेख होय. तो जिंकलेल्या पक्षाचा वृत्तान्त आहे, हे विसरता कामा नये. एसकॉन्सच्या बाजूने आणखी काही महिने आणि आणखी दोन-तीन माणसे मिळाली असती तर निकाल बदलला असता काय, याचे उत्तर त्या लेखातून मिळणार नाही. तथापि एक गोष्ट त्यातूनही स्पष्ट होते. एसकॉन्सच्या पर्वात केडीई साधनाला आपल्याकडे वाकवत होते. सीमेकच्या पर्वात साधनाचे निर्माते केडीईकडे चालत आले.

लिनक्स कर्नलचे उलट उदाहरण

केडीईने एका झटक्यात बदल केला म्हणून तोच मार्ग सर्वत्र चालतो असे नाही. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, त्यापूर्वी काही वर्षे याच प्रकारचा प्रयत्न फसला होता. एरिक रेमंड यांनी कर्नलच्या रचना-निवडीसाठी सीएमएल-2 ही नवी प्रणाली पायथॉनमध्ये लिहिली आणि कीथ ओवेन्स यांनी केबिल्ड-2.5 तयार केली. 2001 च्या मार्चमधील कर्नल-बैठकीत दोन्ही स्वीकारण्याची भाषा झाली होती. प्रत्यक्षात दोन्ही नाकारल्या गेल्या. कर्नल बांधण्यासाठी पायथॉन लागावे हे अनेकांना मान्य नव्हते, आणि संपूर्ण व्यवस्था एकदम बदलणारे गाठोडे लिनस टोरवाल्ड्स यांना नको होते. 2002 मध्ये काय गेमाशेव्स्की यांनी जुन्याच मेकफाइलींमध्ये लहान लहान सुधारणा एकामागून एक पाठवल्या आणि त्या घेतल्या गेल्या. रोमन झिपेल यांची सी भाषेतील केकॉन्फिग ऑक्टोबर 2002 मध्ये समाविष्ट झाली. कर्नल मेकवरच राहिले.

कर्नलमध्ये अंतिम शब्द एका व्यक्तीचा होता आणि जुनी व्यवस्था कुरकुरत का होईना चालत होती. केडीईत असा एक शब्द कोणाचाच नव्हता. तेथे नव्या पिढीसाठी क्यूट बदलल्यामुळे प्रत्येक विभागाचा स्रोत तसाही उकलला जाणार होता, त्यामुळे झटक्यात बदल करण्यास तीच वेळ सोयीची होती.

मराठीचा आणि मराठवाड्याचा संबंध

हा सर्व इतिहास न्यूरेम्बर्ग, मालागा आणि क्लिफ्टन पार्क येथे घडला. त्याचा मराठी वापरकर्त्याशी संबंध येतो तो भाषांतराच्या वाटेने. संगणकाच्या पडद्यावर 'फाइल', 'संपादन' असे मराठी शब्द दिसतात तेव्हा त्यामागे मूळ इंग्रजी वाक्य आणि त्याचे मराठी रूप यांच्या जोड्या असलेली एक साधी फाइल असते. तिचे यंत्रसुलभ रूप करून योग्य जागी ठेवण्याचे काम बिल्ड टूल करते. केडीईच्या तिसऱ्या पिढीत भाषांची गाठोडी ऑटोटूल्सने बांधली जात. चौथ्या पिढीत मराठीचे स्वतंत्र गाठोडे सीमेकने बांधले जाऊ लागले.

भाषांतर करणाऱ्याला संपूर्ण केडीई बांधावे लागत नसे. फाइल उघडावी, शब्द भरावेत, परत पाठवावी. परंतु आपले शब्द चौकटीत मावतात काय, बटणावर अर्धे तुटतात काय, हे पडद्यावर पाहायचे तर बांधणी आली. त्या काळातील सामान्य संगणकावर केडीईच्या मूळ लायब्रऱ्या बांधायला तासन्‌तास लागत. 2005 नंतरच्या वर्षांत मराठवाड्यातील ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन सोसले. परळी वैजनाथ येथे औष्णिक वीजकेंद्र असलेला बीड जिल्हाही त्यातून सुटला नाही. वीज गेल्यावर अर्धवट राहिलेली बांधणी पुढे चालू होते की पहिल्यापासून करावी लागते, हा प्रश्न न्यूरेम्बर्गमध्ये सोयीचा असेल; अंबाजोगाई किंवा माजलगावच्या विद्यार्थ्याला तो काम करता येईल की नाही याचा होता. मालागातील चर्चेत अशा कार्यकर्त्याचा विचार कोणी मुद्दाम केला असेल असे मानण्यास आधार नाही. तरी सीमेकने मेकवरच भिस्त ठेवल्यामुळे झालेले काम पुन्हा न करण्याचा फेल्डमन यांचा जुना लाभ त्याला आपोआप मिळत राहिला.

मराठीचे दुसरे महत्त्वाचे मुक्त काम फाँटचे आहे. लोहित फाँट मूळ पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवले. रेड हॅटने ते 2004 मध्ये जीपीएल परवान्याखाली आणि 2011 मध्ये मुक्त फाँट परवान्याखाली खुले केले. मराठी, हिंदी, कोंकणी इत्यादी भाषांचे वेगवेगळे लोहित फाँट पुढे एकाच लोहित देवनागरीत विलीन झाले, आणि मराठी वळणाचे 'ल' व 'श' भाषेनुसार आपोआप यावेत अशी योजना त्यात झाली. महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेविषयी 2009 मध्ये काढलेल्या निर्णयातही या दोन अक्षरांचे वळण हा मुद्दा होता. लोहितच्या बांधणीला सीमेकसारख्या साधनाची गरज पडली नाही. फाँटफोर्जसाठी लिहिलेली पायथॉन स्क्रिप्ट आणि एक छोटी मेकफाइल एवढ्यावर ते भागले. ज्या कामाचा पसारा एका माणसाच्या डोक्यात मावतो तेथे निवडीचा वाद उद्भवतच नाही.

सीमेकची निवड केडीईपुरती राहिली नाही. मायएसक्यूएलने 2010 मधील 5.5 आवृत्तीपासून युनिक्सवरही सीमेक घेतले. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाने 2016 मध्ये ऑटोटूल्स काढून टाकले. क्यूटची सहावी पिढी डिसेंबर 2020 मध्ये सीमेकवर आली. दुसरीकडे फिनलंडच्या युसी पाकानेन यांच्या मेसन या साधनाकडे सिस्टीमडी 2017 मध्ये वळले आणि पोस्टग्रेसक्यूएलने 2023 मधील सोळाव्या आवृत्तीत मेसनची सोय केली, पण मेकची वाट बंद केली नाही. केडीईने सीमेकसाठी जमवलेले आपले जोडभाग 2014 मध्ये इतर प्रकल्पांनाही वापरता येतील अशा रूपात वेगळे प्रकाशित केले. डिसेंबर 2016 पासून केडीईच्या उपयोजनांसाठी भाषांची स्वतंत्र गाठोडी बंद झाली. त्यानंतर मराठी मजकुराच्या फाइली त्या त्या उपयोजनाच्या स्रोतासोबतच येऊ लागल्या, आणि त्या जागेवर बसवण्याची सूचना सीमेकच्या फाइलीत एका ओळीत लिहिली जाऊ लागली.